काकूंची टोपी

१२ एप्रिल २०२५, गुदैबिया

बहारीनमधला पहिला दिवस आणि मी चक्क खूश आहे. कराडहून निघताना आईने चटण्या, पापड, मेतकूट असं काय काय भरून दिलं होतं, जणू इथली माणसं वाळू फाकून जगतात. विमानतळावर स्वतः विलासकाका गाडी घेऊन हजर. काका म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. सित्र्याला त्यांचं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे, तिथे मी नवा अकाउंटंट. राहायचंही त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत. एसी आहे, कपाट आहे, खिडकीखाली केरळी हॉटेल आहे. आणखी काय पाहिजे?

हेमाकाकूंनी पहिल्याच जेवणाला भरली वांगी केली. वाढताना त्यांच्या हातून चमचा पडला. गुडघे दुखतात म्हणून त्यांना वाकता येत नाही. मी उचलून दिला, तर गालावरून हात फिरवून म्हणाल्या की किती गुणी मुलगा आहेस, आमचा सलीलही अगदी असाच होता. सलील माझ्या आधी याच खोलीत राहायचा. तो कुठे गेला ते मी विचारलं नाही. आयती जागा मिळाली की माणूस चौकश्या करत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

दर शुक्रवारी ईसा टाउनहून काकांचे मित्र शरच्चंद्रकाका आणि प्रभावतीकाकू जेवायला येतात. मुलं अमेरिकेत, घर रिकामं, मग ही चौघं मिळून फिरतात. दर ईदच्या सुट्टीत आफ्रिकेत सफारी! यंदा युगांडा, आणि यंदा मलाही नेणार आहेत. मी दोनदा विचारून खात्री केली. मी आजवर सिंह पाहिलाय तो पुण्याच्या प्राणिसंग्रहालयात, आणि त्याने माझ्याकडे पाठ केली होती.

सगळं प्लॅनिंग माझ्याकडे आलं, कारण मी 'एक्सेलवाला'. शरच्चंद्रकाकांनी आधीच्या सफरींची तक्रार केली. म्हणाले, वर्षानुवर्षं सिंह म्हणजे नुसते लोळणारे, एवढ्या लांब जाऊन एक शिकार बघायला मिळू नये? गेल्या वर्षी मात्र मिळाली म्हणे. एवढ्यावर चौघंही नुसती हसत राहिली. एखादं लग्नातलं जेवण आठवावं, तशी.

२ मे

नियम वाचून वाचून मीच आता गाईड झालोय. छोट्या विमानात फक्त मऊ बॅगा. कपडे मातकट रंगाचे, गडद निळा अजिबात नको, कारण तिथल्या चावऱ्या माश्या निळ्यावर तुटून पडतात. आणि पीतज्वराची लस. पिवळं कार्ड नसेल तर विमानात बसूच देत नाहीत, आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होतं. बाकीच्यांची कार्डं जुनीच आहेत, मी माझी लस आज टोचून घेतली. तरी जेवताना सगळ्यांना दटावून सांगितलं. काकू लाडाने म्हणाल्या, हो रे मास्तर.

पासपोर्ट काकांनी व्हिसासाठी मागून घेतला. ऑफिसच्या तिजोरीत राहील म्हणाले.

९ मे

ग्रुपचे शर्ट आले. चौघांचे खाकी, माझा गडद निळा. मी माश्यांचं सांगितलं, तर काकू म्हणाल्या की तुझ्या मापात खाकी नव्हता, एवढ्या-तेवढ्या माश्यांना काय भितोस?

काकूंच्या हातून वस्तू फार पडतात. चष्म्याचं घर, रिमोट, वाटी. आज मी आईशी फोनवर बोलत होतो, तरी माझा हात आपोआप खाली गेला. चौघंही हसली. शरच्चंद्रकाकांनी तर टाळ्याच वाजवल्या. गंमत आहे, पण मला जरा कुत्र्यासारखं वाटलं.

१६ मे

लिहायला हवं.

काकूंनी मला खाली आइस्क्रीम आणायला पाठवलं होतं. हॉटेलात लगेच मिळालं, मी लवकर वर आलो. मोठ्या टीव्हीवर गेल्या वर्षीचा व्हिडिओ लागला होता. उघडी जीप, पिवळं गवत. काकूंची उन्हाची टोपी बाहेर पडते. काकूंचाच आवाज, अगदी मऊ: सलील, बाळ, घेतोस का रे? एक मुलगा हसत खाली उतरतो. निळा शर्ट. वाकतो. गवत हलतं.

पुढचं मी लिहिणार नाही. पण आवाज लिहितो. प्रभावतीकाकू म्हणत होत्या, अगं बाई, बघ बघ, सिंहीण उठली. आणि काका म्हणत होते, हलवू नकोस कॅमेरा.

आइस्क्रीम माझ्या हातात होतं. कुणी टीव्ही बंद केला नाही. शरच्चंद्रकाकांनी सरकून मला सोफ्यावर जागा करून दिली.

१८ मे

ऑफिसात जाऊन पासपोर्ट मागितला. काका रागावले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, आम्ही कुणाला ढकललं का? तो स्वतः उतरला, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, तिथल्या पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं. तुला नसेल उतरायचं तर उतरू नकोस.

मी म्हटलं, मग शर्ट निळा का? म्हणाले, गवतात उठून दिसतो.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पासपोर्ट मिळेल, पण सहल झाल्यावर. आणि एक मार्गही आहे. चोवीस तारखेला नवा स्टोअरकीपर येतोय, त्यालाही घेऊ. खोलीत दोघं झालात की शर्ट कुणी घालायचा ते तुमचं तुम्ही बघा. टोपी एकच असते.

मी हो म्हणालो. चहा संपायच्या आत म्हणालो. मला माझी शिसारी आली आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदम.

२४ मे

दत्तू आला. उदगीरचा, माझ्यापेक्षा मोठा, टक्कल पडलेला, तरी मला साहेब म्हणतो. सफारीचं ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, साहेब, अशी माणसं कुठं भेटतात हो परमुलखात? मी निळा शर्ट त्याला दिला. त्याला थोडा घट्ट होतो. त्याने घालून मुलीला फोटो पाठवला.

जेवताना काकूंचा चमचा पडला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दत्तू वाकला. काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. मला पोटभर जेवण गेलं.

२६ मे

आज त्याला लसीला न्यायचं होतं. आजच. आज नेलं तर पाच जूनला, निघायच्या दिवशीच, कार्ड लागू, हे या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

निघताना त्याने मुलीचा निरोप ऐकवला. अनुष्का, आठ वर्षांची. बाबा, सिंहाच्या फार जवळ जाऊ नका, पण फोटो जवळून काढा. दत्तू हसत होता. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

म्हटलं, आज माझं डोकं दुखतंय, उद्या जाऊ.

२८ मे

काल त्याला व्हिसाच्या मेडिकल तपासणीला जायचं होतं. आज नेलं. सुई टोचली, कार्ड मिळालं. तारीख मी बघितली नाही. दोन दिवसांनी काय होतंय? एवढं कोण बघतं?

३ जून

काकूंनी बघितली.

सगळ्यांची कार्डं टेबलावर मांडून, चष्मा लावून बघितली. दत्तूचं कार्ड सात जूनपासून लागू. आपण निघणार पाचला. काकू हळहळल्या. म्हणाल्या, नियम तूच सांगितला होतास ना रे, मास्तर? मी म्हणालो, तिकिटं पुढे ढकलू. शरच्चंद्रकाका म्हणाले, ईदच्या गर्दीत? खलास, आता काही होत नाही.

दत्तूला फार वाईट वाटलं. तो घर सांभाळेल, झाडांना पाणी घालेल. त्याने शर्ट धुऊन, इस्त्री करून परत आणून दिला. म्हणाला, साहेब, तुम्हालाच शोभतो.

दया आली म्हणून. एका दिवसाची दया. मी तिचा —

४ जून

उतरायचंच नाही. इतकं सोपं आहे. टोपी पडली तर पडू दे. आरशासमोर म्हणून बघितलं. नाही, काकू. नाही, काकू. आवाज निघतो.

दुपारी त्यांचं चष्म्याचं घर पडलं. मी उचललं. उचलून झाल्यावर कळलं.

आईला फोन केला. सांगणारच होतो. ती म्हणाली, मोठ्या माणसांचं ऐकून राहा बरं.

मी हो —

५ जून

बॅगा दारात. काका बाहेरून ओरडतायत, यल्ला, यल्ला, चला लवकर. पासपोर्ट त्यांच्या खिशात.

शर्ट अंगात आहे. मी कधी घातला —

दत्तू म्हणाला, अनुष्कासाठी फोटो काढा साहेब, जवळून.

नाही काकू. नाही काकू. नाही —

बाहेर काहीतरी पडलं. हलकं, कापडाचं.

ऋत्विक, बाळ, घेतोस का रे?

नाही. मी इथेच बसून लिहिणार आहे. पेन हातात असेपर्यंत हात रिकामा नाही. ही नुसती बैठकीची खोली आहे, गवत नाही, काही नाही, तरी जायचं नाही, इथे नाही म्हणता आलं तर तिथेही —

पुन्हा हाक. किती मऊ.

उभ्याने लिहितोय. मी उठलो कधी — दार उघडं आहे, चौघं सोफ्यावर, काकांनी फोन समोर धरलाय — टोपी फरशीवर — आलो, का