खाऱ्या पाण्याची बाटली

बारामती, ता. ३ नोव्हेंबर १९३६

कालव्याच्या गोऱ्या साहेबांनी सकाळीच बोलावलं. पाण्याच्या पाळ्यांचं काही असेल म्हणून कागद घेऊन गेलो. तसं काही नव्हतं. नाताळची रजा मालवणला घालवायची आहे आणि समुद्रात मासे धरायचे आहेत. आगगाडी, आगबोट, तिथला बंगला, भरती-ओहोटीच्या वेळा, सगळा बेत मी आखायचा. मी समुद्र पाहिलेला नाही. मासा खाल्लेला नाही. 'येस सर' म्हणालो.

यांची मासेमारी न्यारीच. गांडूळ नाही, कणीक नाही. गळाला कोंबड्याचं पीस रंगीत दोऱ्यानं बांधायचं, ती म्हणे माशी. लांब लवचीक काठीनं ती माशी दूर फेकायची आणि मासा फसतो. हुसेनभाई खानसाम्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, समुद्रात माशा असतात का? माहीत नाही म्हटलं.

ता. ७ नोव्हें.

फजिती. बावड्याला पाट सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला परवा चिठ्ठी दिली होती: 'साहेबांस माशा बांधावयाच्या आहेत, तरी लाल कोंबड्याच्या मानेची पिसे पाठवावी.' आज पिसं आली. सोबत एक गाडगं, तोंडाला फडकं बांधलेलं. आत गोठ्यातल्या जिवंत माशा. निरोप: 'माशा धरून धाडल्यात. बांधायचं तेवडं तुमी बगा.'

सा. पोट धरून हसले. मीही हसलो. चूक माझ्या मराठीची का पाटकऱ्याच्या इमानदारीची, ठरवता येत नाही.

ता. १६ नोव्हें., निरवांगी. भाऊबीज.

अक्काकडे. बाग बघवत नाही. मोसंबीची झाडं शेंड्याकडून वाळत चाललीत. वरच्या अंगाच्या उसाला कालव्याचं पाणी, ते झिरपून यांच्या रानात उपळतं आणि मीठ वर येतं. विहिरीच्या खालचा तुकडा तर पांढराफेक. विहिरीचं पाणी इतकं खारं झालंय की चहात दूध घातलं की फाटतं. अक्कानं कोराच दिला. दाजी समोर बसून होते. पहिल्यापासूनच कमी बोलणारे, आता तेवढंही नाही.

ओवाळताना मी लुगड्याची घडी ताटात ठेवायला गेलो, तर अक्कानं हात धरला.

"लुगडं नगं मला, बापू. तुज्या सायबाला यकदा हितं आण. त्यानं डोळ्यानं बगितलं तर चर काडून दील."

ओढ्यापर्यंत एक चर निघाला की खारं पाणी वाहून जाईल आणि उरलेली झाडं तरी वाचतील, असं तिचं म्हणणं. अर्ज दाजींनी अंगठा करून तयारच ठेवला होता. पुढच्या बहाराच्या आत झालं तर झालं, नाहीतर बाग गेली.

ओवाळणीत साहेब मागणारी ही पहिलीच बहीण असेल. दिवा समोर होता. आणतो म्हणालो.

ता. १९ नोव्हें.

नाही जमलं. कारकुनीला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत साहेबांशी आपणहून काढलेलं वाक्य एकच: 'सर, विंचू.' बाकी सगळी उत्तरं.

ता. २१ नोव्हें.

भरतीचा तक्ता केला. पोस्टमास्तर कोकणातले. त्यांनी रीत सांगितली: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. द्वादशीला नऊ, पुनवेला सव्वाअकरा. पंचांग घेऊन नाताळातल्या सगळ्या दिवसांचं मांडलं. न पाहिलेल्या समुद्राचं वेळापत्रक मी बारामतीत बसून करतोय. सुवाच्य अक्षरात उतरवलं, सा. खूश.

ता. २४ नोव्हें.

आज झालं, पण कसं झालं ते मलाच कळत नाही.

वाक्य पाठ करून गेलो होतो. सा. व्हरांड्यात गळांना रोगण लावत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं: खाऱ्या पाण्यात हे गळ गंजतील का, दोऱ्याचा रंग टिकेल का, याची आधी परीक्षा घेतली पाहिजे. या भागात खारं पाणी कुठं मिळेल?

माझ्या तोंडून निघून गेलं: "निरवांगी, सर. माझ्या बहिणीची विहीर."

मीठ घातलेली बादली चालली असती. ते त्यांना सुचलं नाही आणि मी सुचवलं नाही. शनिवारी जायचं ठरलं. दाजींना निरोप धाडला, साहेब येताहेत. कशाला, ते लिहिलं नाही.

ता. २८ नोव्हें.

सगळं लिहून काढतो, नाहीतर झोप यायची नाही.

निरवांगीत पोचलो तर निम्मा गाव विहिरीवर. वाट झाडलेली, टेबलावर चादर. शेजारचे तात्या नवीन पटका बांधून पुढं. सा. नी विहिरीचं पाणी काढवलं, ओंजळीत घेऊन स्वतः चाखलं, थुंकले आणि म्हणाले, 'फर्स्ट क्लास.' बाटली भरून घेतली. लोकांत एकदम कुजबूज झाली. साहेबानं स्वतः तोंडात घेतलं, आता चर झालाच म्हणायचा. एका म्हातारीनं डोळे पुसले.

मग त्यांचं लक्ष त्या पांढऱ्या तुकड्याकडे गेलं. मीठ उन्हात नुसतं चमकत होतं. मला म्हणाले, मालवणची वाळू अशीच असेल. मोटारीतून काठी मागवली. चक्री लावली, दोर ओवला, टोकाला लाल पिसाची माशी. आणि उभे राहून अक्काच्या मेलेल्या रानावर दोर फेकू लागले. वारा पाठीवर होता. दोर असा सुंदर उलगडत जायचा की खोटं कशाला बोलू, मीही बघत राहिलो.

तात्या हळू आवाजात दाजींना म्हणाले, "मोजतोय. मोजणीच्या साकळीबिगर मोजतोय."

पीस पडलं तिथं तात्या धावत गेले आणि त्यांनी एक दगड ठेवला. सा. ना वाटलं, आपली फेक किती लांब गेली त्याची खूण. त्यांनी तात्यांना शाबासकी दिली. चार पावलं पुढं जाऊन पुन्हा फेकलं, तात्यांनी पुन्हा दगड. असे नऊ दगड. सरळ रेघ, वारा नेईल तिकडे, उगवतीला. ओढा दक्षिणेला आहे.

सा. नी विचारलं, हे लोक काय म्हणतात? मी म्हणालो, दे आर हॅपी, सर. तेवढं मात्र खरं होतं.

अर्ज दिला. तो दिला, हे इथं लिहून ठेवतो. मोटारीत बसताना दिला. त्यांनी वरवर पाहिला, 'सुट्टीनंतर' म्हणाले आणि गळांच्या पिशवीत टाकला. अक्का दाराशी उभी होती. तिनं मला लांबूनच हात जोडले. बहिणीनं भावाला हात जोडावेत असं मी काय केलं?

ता. ३ डिसें.

बाटली कचेरीच्या फळीवर आहे. आत सहा गळ. सा. रोज सकाळी आधी ती बघतात, मग टपाल.

ता. १० डिसें.

दाजी बाजाराला आलेले. साहेबांसाठी मोसंब्यांची पाटी आणली होती. फळं लहान, पण निवडून निवडून आणलेली. म्हणाले, दगडाच्या रेघेनं चर खणायला घेतलाय. घरटी एक माणूस. साहेबाचा वेळ कशाला घालवायचा, त्यांनी रेघ मारून दिलीच आहे.

मी विचारलं, रेघ ओढ्याकडे जात नाही, लक्षात आलं का?

"आलं की. पर त्यास्नी ठावं आसंल."

तेव्हाच सांगायचं होतं. दाजी कधी नव्हे ते एवढं बोलले होते, चेहऱ्यावर तरतरी होती. मी त्यांना चहा पाजला, दुधाचा. फुंकर मारून मारून प्याले. सांगितलं नाही.

ता. १३ डिसें.

सांगायलाच म्हणून निरवांगीला गेलो. चर कमरेइतका खोल झालाय. बायका पाट्या वाहतात. मला बघून तात्यांनी काम थांबवलं आणि सगळ्यांना म्हणाले, सायबाचा माणूस आला. मी काठावरून चालत दोन्ही टोकं बघून आलो, जसं काही मला कळतं. मग 'ठीक आहे' म्हणालो. माझ्यासारखा भित्रा माणूस पंचक्रोशीत नसेल.

ता. १९ डिसें.

सा. ची बांधाबांध. गळांची पिशवी मी उघडली. अर्ज होता. चौघडी करून माशा टोचायला घेतलेला. कागद जाड, गळ छान धरून राहतो. दाजींच्या अंगठ्याच्या बरोबर मधोमध एक लाल पिसाची माशी. ती काढली, बाकीच्या अकरा काढल्या, अर्ज हातानं सपाट केला आणि टेबलावर वरच ठेवला.

सा. आले तेव्हा बोललो. खरंच बोललो. सर, निरवांगीचा अर्ज. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. 'हो हो, जानेवारीत आठवण कर' म्हणाले, कागद उचलला, घडी घातली आणि माशा परत एकेक करून टोचल्या. मी काढलेल्या माशांची डबी धरून उभा होतो.

ता. २२ डिसें.

सा. गेले. स्टेशनावर शेवटची सूचना: बाटलीत तीन गळ ठेवलेत, लक्ष ठेव आणि कळव.

अर्ज मालवणला गेला. माझ्याआधी तोच समुद्र पाहणार.

ता. २ जानेवारी १९३७

सा. चं कार्ड. भरतीचा तक्ता पाव तासाच्या आत बरोबर निघाला. पुनवेच्या सकाळी मोठा मासा लागला, निरवांगीच्या पाण्यात तपासलेला गळ अजिबात वाकला नाही. बाटलीतल्यांचं काय?

मला आनंद झाला. लाज वाटते, पण झाला. कार्ड हुसेनभाईला वाचून दाखवलं. मग फळीवरची बाटली बघितली. गळ जसेच्या तसे आहेत. पिसं कुजून गेली.

ता. ८ जाने.

साहेबांची बदली झाली. तिकडूनच परस्पर जाणार. सामान पाठवून द्यायचा हुकूम आहे. नवे साहेब कधी येणार, कुणाला ठाऊक नाही. आठवण करायचा जानेवारी आला आणि आठवण करायला माणूस नाही.

बाटली सामानाच्या यादीत नव्हती. ठेवली.

ता. १४ जाने. संक्रांत.

निरवांगीला जाऊन आलो. आज काहीही करून सांगायचंच, असं देवापुढे ठरवून गेलो होतो.

चर नवव्या दगडापर्यंत पुरा झालाय. काय सरळ खणलाय. आत गुडघाभर खारं पाणी येऊन थांबलेलं. पुढं वाट नाही. सगळे काठावर माझी वाट बघत बसलेले. अक्कानं तिळगूळ हातावर ठेवला आणि विचारलं,

"आता म्होरं कुटं न्यायचा? काय म्हनला सायब?"

साहेब काही म्हणाले नाहीत, साहेब पीस फेकत होते, साहेब गेले. तीन वाक्यं. तोंडात तिळगूळ होता, तो गिळला. सगळ्यांचे हात बघितले, फोड आलेले. आणि माझा हात आपोआप वर झाला, ओढ्याकडे. म्हणालो, साहेबांनी इकडून वळवायला सांगितलंय.

मध्ये तात्यांची ज्वारी उभी. टच्च भरलेली कणसं, महिन्याभरात काढणीला येतील. तात्यांनी ज्वारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सायबानं सांगितलंय न्हवं?"

"हो तात्या."

"मग जाऊं द्या ज्वारी." स्वतःच उठले, आपल्याच उभ्या पिकात शिरले आणि पहिला दगड ठेवला.

निघताना अक्का वेशीपर्यंत आली. म्हणाली, "बापू, ओवाळणी पावली."

परतीच्या सर्व्हिस मोटारीत बसल्यावर डोक्यात आलं. आजूबाजूला सगळं उपळलेलं असताना तात्यांचीच ज्वारी एवढी चांगली का? कारण ते रान उंच आहे. तिथं पुरुष-दीड पुरुष खोल खणल्याशिवाय पाणी पलीकडे जायचं नाही, आणि खाली बहुतेक खडक. मला आधी दिसायला हवं होतं. दाजींना दिसलं असेल का? त्यांना वाटलं असेल, साहेबाला ठावं असेल.

सकाळी ज्वारी कापायला घेतील. आत्ता माणूस धाडला तर उजाडायच्या आत पोचेल. हुसेनभाईचा भाचा सायकलनं जायला तयार आहे, दाराशी उभा आहे. चिठ्ठी लिहायला घेतली, 'थांबा' एवढं लिहिलं. खाली नाव कुणाचं घालू? साहेबांचं घातलं तर हे दुसरं खोटं. माझं घातलं तर कोण थांबणार?