पाण्याच्या आधी काय येतं

लोणावळे, ता. ९ जुलै १९३६

तीर्थरूप आबा व आई यांच्या चरणी कस्तुराचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. यांना रेल्वेच्या मालधक्क्यावर या महिन्यात सकाळची पाळी आहे, म्हणून डबा आटोपून मी शाळेत वेळेआधीच पोचते. लुगडी वाळत नाहीत. चुलीवर दोरी बांधली आहे, त्यामुळे सगळ्या वर्गाला माझ्या पदरातला धुराचा वास येतो. नदी चढली की तिकोना पेठेचं टपाल आठवड्यातून एकदाच निघतं हे ठाऊक असून मी रोज टपालवाल्याला विचारते. हे त्यावरून हसतात.

आबा, तुम्ही पस्तीस वर्षं मास्तरकी केलीत, म्हणून एक अडचण विचारते. माझ्या बिगारीच्या वर्गात जाहिदा नावाची मुलगी आहे. हमीदभाई टांगेवाल्याची लेक. बिगारीत तिचं हे तिसरं वर्ष. सगळी बाराखडी गाण्यासारखी न चुकता म्हणते, पण त्यातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं की आढ्याकडे बघत बसते. कान म्हणाल तर इतका तिखट की रस्त्यावरून टांगा गेला की खिडकीकडे न बघता तो कोणाचा ते सांगते.

परवा मी तिला विचारलं, पाणी या शब्दात आधी काय येतं. तिनं विचार करून सांगितलं, घागर. पोरी हसल्या. ती थट्टा करत नव्हती. घागर नसल्यावर पाणी कशात आणायचं बाई, असं तिनं मलाच समजावलं. मग शेवटी काय येतं असं विचारलं, तर म्हणाली, तहान जाती. मलाही हसू आलं आणि तेवढ्यात तिचा चेहरा पडला. तेव्हापासून तिनं वर्गात तोंड उघडलेलं नाही.

काल हमीदभाई येऊन गेले. ऑक्टोबरात तपासणी आहे, तीत ती वर चढली नाही तर घरीच ठेवतो म्हणाले. रागावून नाही. पोरीला उगा शरम वाटती, ती मला बघवत न्हाई, असं म्हणाले. मी काय करू ते कळवावं.

तुमच्या मागच्या पत्राच्या ओळी उतरणीला लागल्या होत्या. टाक बदलायला झाला आहे का? आईला सांगा, कुळीथ पोचले. तुम्हां दोघांची आठवण रोज येते, तशीच तुम्हांला माझी येत राहो.

तुमची
कस्तुरा


तिकोना पेठ, ता. २१ जुलै १९३६

चि. सौ. कस्तुरा हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. इकडे सर्व क्षेम आहे. म्हैस व्यायली, रेडी झाली. तुझ्या आईचे तिच्यापुढे माझ्याकडे लक्ष नाही.

तुझ्या विद्यार्थिनीविषयी. तीन वर्षे बिगारीत म्हणजे सरावाची कमतरता, दुसरे काही नाही. तिच्याकडून बाराखडी रोज दहा वेळा पाटीवर घोटवून घे. माझ्या हाताखाली शेकडो मुले याच रीतीने वाचू लागली. लाड करू नकोस, मारूही नकोस. मी मारले ते आता आठवून बरे वाटत नाही.

तुझे पत्र मी मोठ्याने वाचून दाखवले. घागरीपाशी मला फार हसू आले. तुझी आई हसली नाही. पोरीचं चुकलं काय, असे तिने मला विचारले. मी समजावून सांगू लागलो तर ती ऐकून न घेता गोठ्यात निघून गेली. स्वभाव तुला माहीत आहेच.

टाक जुनाच आहे, तोच दोष. जावई बजरंगरावांना नमस्कार सांग. आमच्यावरचा लोभ पावसासारखा धरून ठेव.

महिपती


लोणावळे, ता. २२ ऑगस्ट १९३६

तीर्थरूप आबांच्या चरणी कस्तुराचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं पंधरा दिवस घोटवून घेतलं. जाहिदाचं अक्षर माझ्याहून सुरेख झालं. वाचता मात्र एक येत नाही. रांगोळी काढावी तशी ती अक्षरं काढते.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खोट डोळ्यांत नाही आणि हातातही नाही. शब्द कानावर पडला की ही पोर थेट त्या वस्तूपाशी जाऊन उभी राहते. पाणी म्हटलं की तिला ओलं दिसतं, गार लागतं. पा असा एक आवाज आणि णी असा एक, हे तिला कोणी ऐकवलेलंच नाही. आपण सगळे पहिल्याच दिवशी फळ्यावर अक्षर काढून मोकळे होतो. ते अक्षर कशाचं, ते तिनं कुठून ओळखावं?

म्हणून मी पाट्या कपाटात ठेवल्या आणि चिंचोके काढले. शब्द म्हणायचा आणि जितके तुकडे ऐकू येतील तितके चिंचोके पुढे सरकवायचे. घो, डा, दोन. क, म, ळ, तीन. हे जाहिदाला पोरींमध्ये सगळ्यात आधी जमलं. घोडा शब्द दुडक्या चालतो बाई, असं म्हणाली.

पुढची पायरी जड गेली. घोड्यासारखा सुरू होणारा दुसरा शब्द सांग म्हटलं, तर ती टांगा म्हणायची. तिच्या मनात ते दोन्ही एकत्रच जुंपलेले. आठ दिवस मी तिच्याजवळ बसून घोडा, घर, घाट असं लांबवून म्हणत राहिले. क आणि ख मधला फरक तोंडापुढे तळवा धरून दाखवला. ख म्हटला की हाताला वारा लागतो. ते तिला फार आवडलं. गुरुवारी दुपारच्या सुटीत ती पळत आली आणि म्हणाली, बाई, खंडाळा, खडी आणि खोबरं एकाच तोंडानं निघतात. मी तिला जवळ घेतलं. वाचायला अजून अवकाश आहे, पण वाट दिसली.

आबा, पोरीचं चुकलं काय असं आईनं का विचारलं असेल? ते मनातून जात नाही. तुम्ही विचारा आणि मला कळवा. माझ्यावर आहे ती माया कमी होऊ देऊ नये.

तुमची
कस्तुरा


तिकोना पेठ, ता. १ सप्टेंबर १९३६

चि. सौ. कस्तुरा हिस आशीर्वाद.

हे पत्र तीनदा सुरू केले. मुलीला लिहिण्याची गोष्ट आहे की नाही हे ठरत नव्हते.

तुझे चिंचोक्यांचे मी तुझ्या आईला वाचून दाखवले आणि गमतीने मूठभर चिंचोके तिच्यापुढे टाकले. तिने घोडा केला, कमळ केले, दोन्ही बरोबर. मग पाणी सांगितले. तिने दोन चिंचोके सरकवले आणि म्हणाली, पा, नी.

मी चूक सुधारायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. अडतीस वर्षांपूर्वी हेच झाले होते.

आमचे लग्न झाले त्या वर्षी मी नवा मास्तर. बायकोला शिकवून दाखवीन अशी मोठी हौस. पाटीवर पाणी लिहून दिले. तिने विचारले, यात न कुठं हाय? मी म्हणालो, यात न नाहीच, ण आहे. ती म्हणाली, पण मी तर पानी म्हनते. तेच तेच ती विचारत राहिली आणि मी तापलो. माझ्या आईदेखत म्हणालो की हिच्या डोक्यात अक्षर शिरायचे नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाटी जावेच्या मुलीला देऊन टाकली. त्यानंतर घरात आलेला प्रत्येक कागद मीच तिला वाचून दाखवला आणि तिला अक्षराची आवड नाही असे लोकांना सांगत आलो.

कस्तुरा, तिच्या तोंडी ‘न’ होता, तोच तिने ऐकला. तू जे त्या पोरीला महिनाभर बसून शिकवलेस ते हिला पहिल्या दिवशीच येत होते. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने मला असा प्रश्न विचारला नाही. मी तिला काय ऐकू येते ते विचारले आणि ऐकू आले म्हणून रागावलो.

हे सगळे मी तिला तसेच सांगितले. तिने भाकऱ्या थापायला घेतल्या. भाकरी थापून झाल्यावर म्हणाली, माळ्यावरची धूळपाटी अजून हाय का बघा. लाकडी पाट, त्यावर बारीक माती पसरून बोटाने अक्षर काढायचे. माझ्या वडिलांनी मला तीवरच शिकवले. ती काढली आहे. तिच्या अटी दोन. मी आवाज चढवायचा नाही आणि कोणाच्या देखत शिकवायचे नाही. शेजारची रतनबाई आली की पाटीवर सूप झाकले जाते.

तुझ्या आबावरची माया आटू देऊ नकोस.

महिपती


लोणावळे, ता. १२ ऑक्टोबर १९३६

तीर्थरूप आबांच्या चरणी कस्तुराचा नमस्कार. वि. वि.

तुमचं ते पत्र मी यांनाही दाखवलं नाही. पेटीत ठेवलं आहे. आई पानी म्हणते तर तिला पानी लिहू द्यावं, नाई म्हणते तर नाई. पुस्तकातलं ण पुढे कधीतरी येईल, न आलं तरी आईचं काही अडत नाही. मास्तरांना हे सोसायला जड जाईल, पण सोसावं.

तपासणी झाली. जाहिदा वर चढली. साहेबांनी न शिकवलेला धडा पुढे केला. घनदाट या शब्दापाशी ती अडली आणि मी पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिले. तिनं बाकाखाली चार बोटं एकेक करून उघडली आणि शब्द वाचला. पुढे अडली नाही. त्या संध्याकाळी हमीदभाईंनी तिला शेजारी बसवून सबंध बाजारातून टांगा फिरवला आणि दुकानांच्या पाट्या वाचायला लावल्या. मागच्या सीटवर खंडाळ्याच्या बंगल्यातलं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, वीस वर्सं ह्या पाट्यांखालनं जातोय बाई, त्यावर काय हाय ते काल कळलं.

आता दुसरं. आबा, या खेपेला तुमच्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. एक शब्द तुम्ही दोनदा लिहिला आहे, त्याच्यावरच. हा टाकाचा दोष नाही. तुमचे डोळे कसे आहेत ते खरं लिहा. मोतीबिंदू असेल तर पुण्याच्या दवाखान्यात काढतात आणि लोक वाचायला लागतात. हे रजा काढून सोबत येतील. मला काळजी लागली आहे. लवकर उत्तर देऊन ती उतरवावी.

तुमची
कस्तुरा


तिकोना पेठ, ता. २२ ऑक्टोबर १९३६

चि. सौ. कस्तुरा हिस आशीर्वाद.

तुझ्या विद्यार्थिनीचे ऐकून फार आनंद झाला. डोळे वयाप्रमाणे ठीक आहेत. डोळ्याला सुरी लावण्याइतके काही झालेले नाही, पुण्याचे नाव काढू नकोस. तुझ्या आईच्या कानावर यातले काही घातलेले नाही, तूही घालू नकोस. भात कापणीला आला आहे. लोभ आहेच, तो राहू दे.

महिपती


तिकोना पेठ

कसतुरा बाळ आईचा आसिरवाद

हे पतर मी लिवते. रतनबाई लिवत नाई. मीच. जोडअकशर मला अजून येत नाई. कानाला लागलं तसं लिवते. तू समजून घे.

तुजं पतर आलं. हेनी उनात धरून वाचून दावलं. जाहिदा पास झाली तितवर वाचलं आन घडी घातली. मला वाटलं कागद तर खालवर भरलाय. हे शेताकडं गेले तवा मी पतर काडलं. दोन दिस लागले. डो ळे आसं लिवलंय ते मी वाचलं. मग पुडचं समदं वाचलं.

हेना उजवया डोळयानं काई दिसत नाई. डावयानं धूर दिसतो. आकाडापासनं आसं हाय. गाडीवालया हौशीरामला हे बोलले, तयानं मला सांगितलं. मला बोलले नाई. धूळपाटीवर मी अकशर काडते तवा हे बोटानं चाचपतात. मला वाटलं शिकवायची रीत आसंल. परवा मी ग काडला. हेनी बोट भलतीकडं ठिवलं आन मनले बरोबर हाय. तितं नुसती माती होती. मी माती सारकी केली आन पुडचं अकशर काडलं. मला लय वाईट वाटलं.

हे भितात. डोळयाला सुरी लावली आन उरलंसुरलं गेलं तर काय आसं मनात हाय. मला बोलले नाई पर मला कळतं.

येतया सोमवारी हौशीरामची बैलगाडी सांगितली हाय. हेना मी मनले दिवाळीला लेकीकडं जाऊ. दवाखानयाचं सांगितलं नाई. तितं आलयावर तू आन जावई सांगा. मी हेंचा हात धरून बसन. पुनयाला आदी इचारून ठिव.

हे आता माजया पुडयात बसलेत. इचारतात काय लिवती. मी मनले बाराखडी. हे मनले मोठयानं मन, मी ऐकतो. मनून मी तोंडानं क का कि की मनते आन हातानं हे लिवते.

माया आसू दे.

तुजी आई
मुकता