बाबांशी बोललो

पौष शु. ३, शके १७८६
कापूसबाजारामागच्या लिंबांखाली साठेक माणसं उघड्यावर राहतात. सकाळी तिथं ज्वारीच्या कण्या शिजवून वाढतो, आम्ही शाळेचे चौघे. आज पुढं आलेला एक हात ओळखीचा. गणपत माळी, आमच्या गावचा! जमीन आमची, पण दोन पिढ्या वांगी-मिरच्या त्याचंच घर पिकवायचं. बाबांनी औंदा मळा मोडून कपाशी लावली; झोपडीही गेली. तो माझ्या सोबत्यांदेखत म्हणतो, "कोन्या गावचे जी तुमी?" माझी लाज त्यानं राखली.

शु. ५
ग.नं एकटं गाठलं. "धाकले पाटील, मळा नोको. इहिरीपाशी झोपडीपुरती जागा द्या म्हना. बायको सखू दोन जिवाची, उघड्यावर कसं निभन?" बाबा कापूस घेऊन येणारच आहेत. म्हटलं, बोलतो. छाती फुगवून म्हटलं, गाढवानं.

शु. ७
बाबा आले. भाव ऐकून खूश. लिंबांखाली स्वतः येऊन दोन पोती ज्वारी दिली. मास्तर म्हणाले, असा बाप नशिबानं मिळतो. ग. झाडाआड लपलेला. मी तोंड उघडलं, "बाबा, तो माळी..."
"कोनता माळी?"
"काही नाही."

शु. ८
बाबा गेले.
"बोलले काय?" ग.
"बोललो."
"मंग?"
"पाहू म्हणाले."
सखूनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. थू माझ्या जिनगानीवर!

शु. ११
रेल्वेच्या मातीकामाचा मुकादम आला होता. बडनेऱ्याला काम, राहायला छप्पर. वीसेक जण गेले. ग. गेला नाही! "पाटलाचा निरोप येऊन राह्यला ना." खरं सांगायलाच गेलो होतो. सखू म्हणाली, "कन्या कच्च्या राह्यल्या, धाकले पाटील, लगन कोन करन तुमच्याशी?" सगळे हसले. मीही हसलो आणि परत आलो. भित्रा.

शु. १४
दोघंही नाहीत. शेजारची म्हातारी म्हणे, "गेले ना गावाले. पाटलानं जागा देली म्हने."
मी 'पाहू' म्हटलं होतं. नुसतं पाहू.
पायी गेले. आमच्या बार्शीटाकळीपर्यंत चार दिवस तरी, आणि सखूचे दिवस भरत आलेले. गाडी करून त्यांच्या मागं जावं? मास्तरांना काय सांगू? बाबांना पत्र लिहायला घेतलं. 'तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.' इथंच अडलोय. पत्र पोचेल न पोचेल, ती मात्र पोचेल. बाबांच्या दारात उभी राहून माझंच नाव घेईल.