तेरा तारखेचा चहा

४ मार्च २००१, किन्मेन बेट

बून-हाय येतोय! माझा धाकटा भाऊ, आमचा हाय्या. बावन्न वर्षांनी! सतरा वर्षांचा होता, मासळी विकायला होडीने समोर शियामेनला गेला आणि समुद्रच बंद झाला. इकडे एक सरकार, तिकडे कम्युनिस्टांचं दुसरं. आता बोट सुरू झालीय — म्हणे तासाभराचा रस्ता.

तो तिकडे अडकला त्याच आठवड्यात बाबांनी चहाची बरणी मेण लावून बंद केली. "हाय्या आला की उघडू." बाबा गेले. बरणी आहे.

६ मार्च

सून म्हणते, "आई, बावन्न वर्षांचा चहा? पोटं बिघडतील सगळ्यांची!" अगं, नीट भाजलेला चहा मुरतो, बिघडत नाही. मला विचार.

हाय्याला बजावलंय, बाराला ये. सम तारीख. वीस वर्षं समोरून तोफा विषम तारखांना डागायचे, म्हणून लग्नं, बाजार, पाहुणे — सगळं सम तारखेला. आता तोफा थांबून बावीस वर्षं झाली, तरी विषम तारखेला मी शुभ काम करत नाही. सून हसते. हसू दे.

आई गेली ती त्या नियमाच्या आधी. अठ्ठावन्नचा ऑगस्ट, तोफांची पहिलीच संध्याकाळ. उंबऱ्यावर भाजी निवडत होती.

८ मार्च

पेले घासले. एक जास्तीचा — आईचा.

१२ मार्च

आला. टक्कल पडलंय. "ताई, केवढी जाडी झालीस गं!" बावन्न वर्षांनी हे पहिलं वाक्य! पाठीत धपाटा घातला आणि मग रडलो दोघंही.

बरणी आणली. मेणाला सुरी लावणार, तर त्याने माझा हात धरला. "नको. आधी ऐक. अठ्ठावन्न साली मला तोफखान्यावर जुंपलं होतं. गोळे वाहायला. पहिल्या दिवसापासून. आपलं गाव दिसायचं गं तिथून."

मी सुरी खाली ठेवली. जेवलेही नाही. तो मागच्या खोलीत बसून आहे. राग येतोय, आणि तो कुणावर काढू तेच कळत नाही.

१३ मार्च

सकाळीच मेण फोडलं. चहाचं पहिलं पाणी पीत नाहीत, ओतून देतात — ते हाय्याच्या हाताने उंबऱ्यावर ओतवलं. मग पेले भरले. वास जुन्या लाकडी पेटीसारखा. कडूपणा औषधालासुद्धा नाही.

हाय्याचा पेला हातातच. "ताई, आज तेरा तारीख."

म्हटलं, "ठाऊक आहे. पी."