सॅक्सोफोनवाला कुठे उभा आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. चार-दहाला मी लाल तार काळ्या खाचेत बसवली आणि काळी लाल खाचेत. एकाच स्पीकरची. दुसरा सरळ ठेवला.

कोणाच्या घरी? डेसिबलच्या. हे नाव मी ठेवलंय. हा गृहस्थ पुढच्या महिन्यात तिच्याशी लग्न करणार आहे. आमच्या दुकानातला सगळ्यात महागडा सेट त्याने उचलला, आणि जोडायला मालकांनी पाठवलं कोणाला? 'हिरो, तू जा. गिऱ्हाईक मोठं आहे, तोंड बंद ठेव.' ठेवलं. तोंड बंद होतं, हात मोकळे होते.

असा एक स्पीकर उलटा जोडला की एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. खालचे सूर मरतात. वाजवणारा समोर उभा राहतच नाही, हवेत विरघळतो. ज्याला कान आहेत त्याला कळतं. डेसिबलकडे कान नाहीत, कॅटलॉग आहे. म्हणाला, "वा, काय पसरलाय आवाज! सोफ्यापासून थेट दारापर्यंत." पसरायला ती काय सतरंजी आहे?

गंमत म्हणजे उलटा केल्यावर मलाही तो जरा बरा वाटला. सरळ होता तेव्हा नुसता बदडत होता.

४ फेब्रुवारी

हे सूडबिड नाही. पत्र आहे.

कॉलेजात असताना दोन वर्षं ती दुपारची आमच्याकडे यायची. मामाच्या जुन्या रेकॉर्डी, मी स्वतः जोडलेले स्पीकर. आमचा एक खेळ होता — डोळे मिटायचे आणि सॅक्सोफोनवाला कुठे उभा आहे ते बोटाने दाखवायचं. पिवळ्या कव्हरच्या जॅझ रेकॉर्डवर तो डावीकडे, कपाटाजवळ, जरा मागे असतो. तिला आधी सापडेचना. मी तिचं बोट धरून दाखवलं. (बोट धरलं हे महत्त्वाचं, सॅक्सोफोन गेला उडत.) पुढे ती दरवेळी बरोब्बर दाखवायला लागली. असे कान लाखात एक.

मग मी सरांच्या अंगावर वही भिरकावली आणि कॉलेज सोडलं. ती म्हणाली, माफी माग. मी म्हटलं, मेलो तरी नाही. मेलो नाही, माफीही मागितली नाही. तेवढ्यात तिला डेसिबल भेटला.

तर आता ती तिथे डोळे मिटून बसेल, बोट वर करेल, आणि तिला समोर कोणीच सापडणार नाही. मग कळेल, आपण कोणाच्या घरात निघालोय.

७ फेब्रुवारी

संध्याकाळी चेलो लावला. दुकानातले सेट दिवसभर डोक्यात हातोडे मारतात, घरी आलं की कान निवतात. चेलोनंतर रॉक. त्यातला ड्रमवाला माझ्या खोलीत ढगासारखा असतो — सगळीकडे आहे आणि कुठेच नाही. याला म्हणतात रेकॉर्डिंग.

ताई दारातून — "रडगाणं संपलं? आता आदळआपट का?"

म्हटलं, तुला नाही कळायचं.

"नाहीच रे बाबा. सगळं कळणारा एकच, आणि तो घरी बसलाय."

मी घरी बसलेलो नाही, दुकानात उभा असतो. हे उत्तर सुचेपर्यंत ती निघून गेली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

तिचा फोन नाही.

१२ फेब्रुवारी

अजून नाही. डेसिबलचा आला, मालकांना. 'तुमच्या त्या मुलाच्या हाताला गुण आहे. पहिल्या दिवसापेक्षा आवाज कितीतरी खुललाय.' मालकांनी स्वतःच्या हाताने मला चहा दिला. कधी नव्हे तो गोड लागला. दगडाला पाझर फुटेल, पण डेसिबलच्या कानाला भोक पडणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

डेसिबलने चार मित्र बोलावले होते, सेट ऐकायला. मलाही. 'जोडणारा नको का?' मित्रांनी रेकॉर्ड चालू असताना तारेची जाडी आणि सुईची किंमत यावर चर्चा केली. मग डेसिबलने पिवळं कव्हर काढलं. तेच. ती सोफ्यावर बसली होती.

तिने डोळे मिटले. डेसिबलने विचारलं, "सांग, कुठे आहे?" तिने बोट वर केलं. सरळ समोर, मधोमध. "तिथे." आणि तो आपला त्या रिकाम्या भिंतीकडे कौतुकाने बघतोय! मी मनात हसलो. चुकली. लग्नाआधीच कान गेले बिचारीचे.

मित्र खायला उठले तसा मी सेटमागे वाकलो. लाल लालमध्ये. काळी काळ्यात.

"मी त्याच दिवशी सरळ केली," ती मागून हळूच म्हणाली. "याला बोलले नाही. तुझी नोकरी गेली असती."

"म्हणजे तुला ऐकू आलं!" पत्र पोचलं होतं. मला नाचावंसं वाटलं.

"त्यात काय ऐकायचं? रेकॉर्ड लागली आणि मला तुझी खोलीच आठवली. तुझ्याकडे असाच यायचा आवाज."

"माझ्याकडे?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटायचं, सेट जुना आहे. इथे मागे बघितलं तेव्हा कळलं काय असतं ते."

"पण तू कपाटाकडे बोट दाखवायचीस."

"तू खूश व्हायचास."

आतून डेसिबल ओरडला, "अगं, दुसरी बाजू लावू का?" ती वळली. मग थांबून म्हणाली, "याला नाही कळत, मला ठाऊक आहे. पण हा विचारतो रे."

१७ फेब्रुवारी, सकाळ

माझ्या खोलीतलं कपाट सरकवलं. डाव्या स्पीकरची लाल तार काळ्या खाचेत. काम माझंच, वरची चिकटपट्टीसुद्धा माझीच. सरळ केली. पिवळी रेकॉर्ड लावली. सॅक्सोफोनवाला कपाटाजवळून निघाला आणि मधोमध येऊन उभा राहिला, माझ्यापासून दोन हातांवर.

त्याला तिथेच वाजवत ठेवलं. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.