भाच्याच्या पेशी थांबत नाहीत

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. इतके महिने पत्र नाही, त्याबद्दल कान पकडतो. (आधी 'वेळ मिळाला नाही' असं लिहिलं होतं. खोटं होतं, खोडलं. लिहायची भीती वाटत होती.) तुझी पाठ आता बरी असेल. भाऊजींच्या गुडघ्याची चौकशी करत नाही. ते मागे तो गुडघा घेऊन थेट आमच्या नाळपेढीत आले, तेव्हापासूनच ही भानगड सुरू आहे.

तुझ्या बाळंतपणातली नाळ आपण इथे गोठवून ठेवली, ती त्यांना आता आठवली. कुठल्याशा दवाखान्यात नाळेच्या पेशी गुडघ्यात टोचतात आणि माणसं धडाधड जिने चढतात म्हणे. "मेव्हणेबुवा, पोराच्या नाळेनं बापाला कधी अपाय होतो का? काढा ती कुपी!" मी म्हटलं, भाऊजी, पेशींना बाप ओळखता येत नाही. "पोराला तरी कुठे येतो?" (मी हसलो. तिथेच चुकलो का?) इथल्याच एका कुपीनं रक्ताच्या आजारातून एक मुलगी उठून बसलेली मी पाहिली आहे, त्यामुळे नाही म्हणताना जीभ अडखळते. पण गुडघा म्हणजे रक्त नव्हे.

तपासल्याशिवाय देणार नाही, असं सांगून मी थोड्या पेशी बाटलीत वाढवायला ठेवल्या. अशा पेशी काही काळ वाढतात, मग थकून थांबतात. थांबणं हाच त्यांचा चांगुलपणा; न थांबणाऱ्यांची गाठ होते. तुझा लेक एक बादली उचलून दमतो. त्याच्या पेशी दमतच नाहीत. शेजारच्या सगळ्या बाटल्या थंडावल्या, ही भरतेच आहे. शिवाय पेशी तळभर सारख्या पसरायला हव्यात. ह्या पेशी मात्र उबेच्या कपाटाच्या दाराकडे गर्दी करतात. फळी कलती असेल म्हणून पाणसळ लावली, तर फळी सरळ. बाटली फिरवून ठेवली, सकाळी गर्दी पुन्हा दाराकडे. आमच्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "सर, ह्यांना घरी जायचंय वाटतं," आणि शांतपणे हातमोजे बदलायला गेल्या. मला दुपारी जेवण गेलं नाही. दाराजवळ ऊब कमी-जास्त होत असेल. होतच असेल.

तुझा,
धाकटा

ता. क. नाळ तुझ्या नावावर आहे. तुझ्या सहीशिवाय कुपी बाहेर जात नाही. भाऊजी स्वतः चहा करून आणतील, गोड बोलतील. चहा पी, सही करू नकोस. गुडघा दुखेल, पण तो त्यांचाच राहील.

ता. क. २. बाटली मी केव्हाच नष्ट करायला हवी होती. केली नाही. माझी कंबर धरली आहे, आणि काल कपाटाचं दार लावताना मनात आलं, थोड्याशा टोचून घेतल्या तर काय होतंय? मी, तपासणी करणारा माणूस! तो विचार माझाच होता का, हेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

उद्याचं काम: बाटली तंत्रज्ञ बाईंच्या हातून जाळून घेणे.