दोन दिवसांची बाटली

एडवण,
शुक्रवार, १९ जानेवारी १९९६

प्रिय दादा,

हे पत्र तुला स्वतः वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तोंडात नळी, डोळे मिटलेले, श्वाससुद्धा यंत्राचा, अशा माणसाला कोण पत्र लिहितं? पण परवा त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुला ऐकू येत असेल, बोलत राहा. मला आत दहा मिनिटं सोडलं होतं. त्या दहा मिनिटांत मी तुला विहिरीच्या मोटारीपासून म्हशीच्या दुधापर्यंत सगळं सांगितलं, आणि जे सांगायला मुंबईपर्यंत आले होते ते गिळून बाहेर पडले. कॉलेजात वादविवादाच्या ढाली आणणारी तुझी बहीण, एक वाक्य तोंडातून निघेना.

माई बरी आहे. तुला छातीत कफ झालाय, असं तिला सांगितलंय आणि तिने ते मानल्यासारखं केलंय. रोज दिवा लावून झाला की विचारते, कृष्णा जेवतो का? मी हो म्हणते. खोटं बोलायला मला अलीकडे फारसे कष्ट पडत नाहीत. टोमॅटोला पाणी मीच देते. बोईसरला कंपनीत रजेचा अर्ज टाकलाय, मंजूर होवो न होवो.

गेल्या वर्षी तू फवारणी करून आलास आणि पडवीत भिंत धरून बसलास ते आठवतं? तोंडातून लाळ, डोळ्यांतलं पाणी थांबेना, बुबुळं टाचणीच्या डोक्याएवढी. संध्याकाळी जरा उतरलं तर म्हणालास ऊन लागलं. ऊन कसलं डोंबलाचं! त्या दिवशी वहिनीने मला मागच्या दारी नेऊन हात धरला. “प्रेमला, तुज्या त्या अळ्यांच्या रोगाचं कायतरी कर, पन यांच्या पाठीवरचा तो पंप उतरव.” मी शब्द दिला. इतकी शिकलेली नणंद, शब्द द्यायला काय जातं?

गणपतीत मी मोठ्या ऐटीत तुला आमच्या प्रयोगशाळेतल्या दोन बाटल्यांची गोष्ट सांगितली. एक जुनी. अळ्यांना शेतात आपोआप होणाराच रोग, मेलेल्या अळ्या वाटून, गाळून केलेला. माणसाला, गुराला, मधमाशीला त्याची बाधा नाही. पण अळी मरायला सहा-सात दिवस घेते आणि तोवर खात राहते. दुसरी बाटली नवी. त्याच विषाणूत आम्ही विंचवाच्या विषाचा जनुक बसवलाय, त्यामुळे अळी दोन दिवसांत लुळी पडते. ती कुलपात असते. तिची परीक्षा अजून संपलेली नाही, सरकारची परवानगी नाही, म्हणून जाळीच्या खोलीबाहेर एक थेंब न्यायचा नाही, आणि ते योग्यच आहे. तू म्हणालास, विहिरीच्या कपारीतले चार विंचू फुकट देतो, पण मला ती दोन दिवसांचीच आण. सात दिवस अळ्यांना जेवू घालायला माझी वाडी म्हणजे लग्नाचा मांडव नाही. आम्ही सगळे हसलो. मला तेव्हाच कळायला हवं होतं की सात दिवस हा शब्द तुला ऐकूसुद्धा घ्यायचा नाही.

सात तारखेच्या रविवारी मी बाटली घेऊन आले. उन्हाने विषाणू मरतो म्हणून आपण दिवस कलल्यावर फवारलं. पाण्यात गूळ कालवला, अळीला गोडी लागावी म्हणून, आणि कपड्यांची नीळ घातली, उरलंसुरलं ऊन बाधू नये म्हणून. तू म्हणालास, आता कुंकू लावून ओटीही भर त्यांची. तू उघड्या अंगाने फवारत होतास आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली नाही. सोमवारपासून तू पाच-सहा दिवस मावशीच्या घराची कौलं चढवायला दातिवऱ्याला जाणार होतास. मी निश्चिंत मनाने बोईसरला परतले.

कौलांचा ट्रक आला नाही. तू घरीच राहिलास आणि रोज वाडीत जाऊन अळ्यांना टोमॅटो पोखरताना बघत राहिलास. गुरुवारी दुपारी तू तुझं नेहमीचं विषारी औषध दुप्पट घेतलंस, हातानेच ढवळलंस आणि खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर फवारायला लागलास. गडी मंगळ्या पाट वळवायला आला, तेव्हा तू आठव्या सरीत पडला होतास. पालघरच्या दवाखान्यात इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली. शुक्रवारी तू डोळे उघडलेस आणि मला जवळ बोलावलंस. “माजीच चूक हाय. आजून दम धराला पायजे होता. कंपनीत तुला कोन बोललं तर माजं नाव सांग.” मी तुझ्या कपाळावरून हात फिरवला. दादा, मी नुसता हात फिरवला. शनिवारी तुझा श्वास अडकला आणि तुला मुंबईला हलवलं.

रविवारी मी वाडीत गेले. तू पडलास त्याच्या पुढच्या सरींना तुझं औषध लागलं नव्हतं. तिथे प्रत्येक झाडाच्या शेंड्याला अळ्या लोंबत होत्या, डोकं खाली, काळ्या पडलेल्या, बोट लावलं की फुटणाऱ्या. एकही जिवंत नव्हती. तू हात लावला नसतास तरी त्या दिवशी तुझी अख्खी वाडी मोकळी झाली असती. पण नव्या बाटलीने मेलेली अळी लोंबत नाही, दादा. ती लुळी होऊन जमिनीवर पडते. शेंड्याला लोंबते ती जुन्या बाटलीची.

होय, मी तुला जुनीच दिली होती. सात दिवस म्हटलं असतं तर तू पंप उचलला असतास, म्हणून मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं की हीच ती नवी, दोन दिवसांत बघ. तू दातिवऱ्याहून येशील तेव्हा अळ्या मरायला लागलेल्या असतील, किती दिवस लागले ते कोण मोजतंय, असा माझा हिशोब होता. खरं सांगितलं असतं तर तू भांडला असतास, चार शिव्या घातल्या असत्यास, आणि कदाचित थांबला असतास. मी तुला विचारलंच नाही.

उद्या वहिनीचा भाऊ रामनाथ तिचे कपडे घेऊन मुंबईला निघतोय, त्याच्याकडे हे पत्र देते. पाकिटावर नाव तुझं आहे, पण तुझ्या कानाशी बसून मोठ्याने वाचायचं ते वहिनीने, अशी चिठ्ठी सोबत ठेवलीय. सारं गाव तुला उतावळा म्हणतं. वहिनीसुद्धा तुझा हात धरून रोज तेच म्हणते, की तुमाला कदी दमच नाय. तुझ्या कानावर पडलेले शेवटचे शब्द हे असू नयेत, एवढ्यासाठी मी लिहिलं. वहिनी, आता थांबू नकोस, पुढचं वाच. मी त्याला दोन दिवस सांगितले होते. दोन दिवस गेले आणि माझ्याच बोलीप्रमाणे ती बाटली वाया गेलेली होती. तरी त्याने डोळ्यांदेखत तिसरा दिवस काढला, कारण बाटली बहिणीने आणली होती. माझं काय करायचं ते तू नंतर ठरव. आधी त्याला सांग की तो थांबला होता.

तू नको म्हणालास तरी तुझीच,
प्रेमला